फिटची गोळी आणि उतरलेली पेटी

आजारपणात माणूस सोशिक होतं म्हणतात. होत असेल बाप्पा कोणी. मी तर नुसती जळकुकडी झाले.

पहिल्यांदा नवऱ्यावर जळले. हे समोर बसून फुटाणे खात होते, डोळे पेपरात, तोंडाची कुडुमकुडुम चालू. मी भाकर दुधात कुस्करून तिचा पार लगदा केला होता आणि चमच्यानं डाव्या गालाकडून आत सरकवत होते, उजवा गाल जागा होऊ नये म्हणून श्वास धरून. फुटाणा फोडणं ही काय गोष्ट आहे का? पण या माणसाला ते येतं, आणि येतं याची त्याला खबरही नाही. मला वाटलं, ते फुटाणे हिसकून रस्त्यावर भिरकावावे.

मग शेजारणीवर जळले, ती दारात उभी राहून खसाखसा दात घासायची. स्कूटीवर वाऱ्यात तोंड उघडं टाकून जाणाऱ्या पोरींवर जळले. तान्ह्या लेकरांवरही जळले, कारण त्यांचे गाल कोणीही ओढतं आणि ती हसतात. आणि सगळ्यात जास्त जळले माझ्या धाकट्या जावेवर, वंदनावर. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमचं सगळं लिहून काढा, दुसऱ्या पेशंटच्या कामी येईल. कामी येईल तेवढं घ्या. बाकीचं माझ्या पोटातलं आहे, ते कुठंतरी ओतायलाच हवं होतं.

करंट

आम्ही अमरावतीत राहतो, सासऱ्यांनी बांधलेल्या दुमजली घरात. खाली मी आणि आमचे हे, वर धाकटा दीर आणि वंदना. हे नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. लेक लग्न होऊन पुण्याला गेली. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात आमचं बायकांचं भजन मंडळ आहे, आणि लेक बालवाडीत होती तेव्हापासून त्या मंडळात भजन मी उचलते.

उचलणं म्हणजे पहिली ओळ एकटीनं म्हणायची, मग बाकीच्यांनी झील धरायची. पेटीवर आमच्या कुसुमताई. पेटीची काळी चार हा माझा सूर. पेटी सुरू व्हायच्या आधीच मी ओळ उचलायचे, कुसुमताई मागून पेटी लावायच्या आणि सूर जुळलेला असायचा. त्या सगळ्यांना सांगायच्या, "शोभाबाईच्या गळ्यातच पेटी हाये." घर सासऱ्यांचं, पगार यांचा, लेक सासरची. भजन उचलणं तेवढं माझं होतं.

तर कार्तिकात काकड्याला गेले होते. देवळाच्या ओट्यावर गार वाऱ्याची झुळूक उजव्या गालाला लागली, आणि कानाच्या पुढून वरच्या ओठापर्यंत करंट गेला. बोर्डाच्या उघड्या वायरला बोट लागावं तसा. क्षणभर, आणि मग काहीच नाही, जणू मीच खोटं बोलत होते. पुन्हा आला तेव्हा मी पदर तोंडाला दाबून खालीच बसले, डोळे मिटून, अंग थरथरत. बायकांना वाटलं माझ्या अंगात आलं. एकीनं धावत जाऊन हळदीकुंकू आणलं आणि माझ्या कपाळाला लावायला गेली. तिची बांगडी गालाला घासली, तिसरा करंट. मी जी किंचाळले, त्यावर दोघीतिघी पाया पडल्या.

नंतर हे रोजचं झालं. दात घासताना, घास चावताना, तोंड धुताना, कधी नुसतं "हाव" म्हणताना. मी दातवाल्या डॉक्टरांकडे गेले. फोटो काढून ते म्हणाले, दाढेत फारसं काही दिसत नाही. पण मीच बोट ठेवून सांगत होते, हीच दाढ, हिलाच उपटा. उपटली. करंट होता तिथंच होता. मग शेजारची उपटली. आज दोन चांगल्या दाढा माझ्या तोंडात नाहीत, आणि त्यांचा दोष मी कोणाला देऊ शकत नाही, याचाही मला राग येतो.

भजनात 'आ' करायला तोंड उघडलं की करंट. दोन वेळा मधेच थांबले. तिसऱ्या वेळी मागं झील धरणारी वंदना माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, तुमी बऱ्या होईस्तोवर मी उचलू काय?" मी मान हलवली. बोलले असते तर करंट आला असता. गाल ठीक असता तर मी नाहीच म्हटलं असतं, हे तिला आजही माहीत नाही.

अकोला

अकोल्याला माझं माहेर. भावानं ऐकलं तसा तो म्हणाला, "दाढा कायले उपटत बसली? इकडे ये, नसेच्या डॉक्टरले दाखवू." त्या डॉक्टर बाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. बाहेर खुर्च्यांवर मूर्तिजापूरचे एक मास्तर बसले होते. त्यांचाही आजार हाच. मला पदराआड तोंड झाकलेलं पाहून त्यांनीच ओळखलं. "मले तं दुसऱ्याच दिवशी आराम पडला बाई," ते म्हणाले. "आज सकाळी कचोरी खाऊन निघालो." माणूस मला धीर देत होता. मला त्याच्या कचोरीचा इतका हेवा वाटला की मी तोंड फिरवून बसले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालाला हात लावलाच नाही. म्हणाल्या, "हात लावू देणार नाही तुम्ही, माहीत आहे मला. नुसतं बोटानं हवेतच दाखवा, कुठून कुठपर्यंत जातं." मी दाखवलं. त्यांनी विचारलं, वारा लागल्यावर येतं का, घासताना येतं का, झोपेत येतं का. मी मान हलवत गेले. मग त्या म्हणाल्या, "दाढेचं काही नाही. चेहऱ्याची नस आहे, ट्रायजेमिनल म्हणतात तिला. ती उगाचच पेटते. तुम्ही ढोंग करत नाही आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही."

मला रडू आलं. रडताना गाल हलला आणि करंट आला. रडायचीसुद्धा सोय नव्हती.

एमआरआय झाला, त्यात भलतंसलतं काही निघालं नाही. मग त्यांनी गोळी लिहिली, कार्बामाझेपिन. "ही फिट येणाऱ्यांना देतात," त्यांनी आधीच सांगितलं. "तुम्हाला फिट नाही. पण या नसेला शांत करायला पहिली हीच देतो आम्ही. थोडीपासून सुरू करू. रक्त तपासत राहू. अंगावर पुरळ उठलं तर लगेच फोन. आणि मनानं बंद करायची नाही." भाऊ रस्ताभर मला हेच घोकून घेत होता, जशी मी तिसरीतली पोट्टी.

फिटची गोळी

अमरावतीत मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचून मोठ्यानं विचारलं, "फिट कोणाले येते, काकू?" माझ्या मागं मंडळातली एक जण खोकल्याचं औषध घ्यायला उभी होती. झालं. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर, शोभाबाईले मिरगी हाये. काकड्याला अंगात आलं होतं ते काय होतं, हे आता सगळ्यांना उमगलं. एकीनं घरी येऊन मायेनं सांगितलं, पर्समध्ये कांदा ठेवत जा. आमच्या यांनीसुद्धा हळूच विचारलं, "खरं सांगजो, लग्नाआंधी तुले कधी आली होती काय?"

वंदना मात्र दारोदार गेली. "बाईले मिरगी नाई, नसेची बिमारी हाये, गोळी दोन्हीले एकच चालते," असं समजावत फिरली. लोकांनी ऐकलं पण. माझ्याकडून कोणी ऐकून घेतलं नसतं. तिचं चांगलं वागणं मला कधी निवांत झोपू देत नाही, हे तेव्हा कळलं.

गोळी मात्र लागू पडली. आठवडा होत आला असेल, सकाळी तोंड धुताना पाणी गालावरून गेलं आणि काही झालं नाही. पुन्हा पाणी मारलं. काही नाही. मी मोरीत उभी राहून तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिले, ब्लाऊज पार भिजला. त्या दिवशी ज्वारीची भाकर मोडून, ठेचा लावून, चावून खाल्ली. यांना म्हटलं, "फुटाणे आहेत काय?" हे उठून थेट चौकात गेले आणि गरम फुटाणे घेऊन आले. पुडी हातात देताना यांचे डोळे भरले होते. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं, नाहीतर यांनी ते पुन्हा कधी भरू दिले नसते.

फुकट काही नव्हतं. डोकं गरगरायचं, चाल अशी की पाहणाऱ्यानं दारूचा संशय घ्यावा. वरणात दोनदा मीठ. दुपारी बसल्या जागी डुलकी. वंदना वरून भाजी पाठवायची, माझी कणीक मळून द्यायची, धुणं वाळत घालायची. घालताना गुणगुणायची. मी खाटेवर पडून तिचं गुणगुणणं ऐकायचे आणि मनात म्हणायचे, एवढं बरं वाटू दे, मग दाखवते.

पेटी उतरली

गरगर कमी झाली तशी मी मंडळात गेले. बायकांनी माझी जागा, पेटीच्या उजव्या हाताची, रिकामी करून दिली. वंदना सरकून मागं बसली. मी नेहमीसारखी पेटीच्या आधीच ओळ उचलली. कुसुमताईंनी पेटी लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. पेटी खाली होती. थोडी नाही, पेटीच्या चांगल्या एका घरानं, एका पट्टीनं खाली. काळी चार दाबलेली मला दिसत होती, आणि कानात तिच्या खालची पांढरी पाच वाजत होती.

"कुसुमताई, पेटी उतरली," मी म्हटलं.

"नाई बाई. तुमी वर उचललं."

मी वर उचललं! ज्या गळ्यात पेटी आहे म्हणून या बाईनं गावभर सांगितलं, तो गळा! पुन्हा उचललं, पुन्हा तेच. झील धरणाऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मग कुसुमताईंनी वंदनाला उचलायला सांगितलं. तिनं पेटी ऐकून उचललं, आणि मला तीसुद्धा खालीच ऐकू आली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिचा गळा वर जात नसणार. म्हणून माझ्यामागं हिनं पेटी उतरवून घेतली आणि अख्खं मंडळ आपल्या मापाचं करून टाकलं.

मी ते तिथंच बोलले, देवळात, सगळ्यांसमोर. "वंदना, तुहा गळा पोचत नाई तं सरळ सांगायचं होतं. पेटी कायले उतरवली?"

कुसुमताईंनी फोनवर तंबोरा लावला, काळी चारचा. फोन आणि पेटी तंतोतंत जुळले. पण मला दोघंही खालीच ऐकू येत होते. मला वाटलं, फोनही वंदनाच्याच बाजूचा.

कुसुमताईंची पेटी सरकत्या पट्टीची. एक घर वर सरकवली की सगळेच सूर तेवढे चढतात. मी म्हटलं, सरकवा. त्यांनी माझ्या मोठेपणाचा मान ठेवून सरकवली. आता माझ्या कानाला गार वाटलं. काळी चार, माझी काळी चार. "आता म्हण," मी वंदनाला म्हटलं. खोटं कशाला सांगू, अंतऱ्याला तिचा आवाज फाटावा म्हणून मी कान टवकारून बसले होते. फाटला नाही. झील धरणाऱ्यांचे गळे मात्र ताणले, दोघी खोकायला लागल्या, आणि कुसुमताईंनी काही न बोलता पेटी पुन्हा जागेवर आणली.

मोझरीला आश्रमात दरवर्षी आमच्या मंडळाला भजनाची वेळ मिळते. लांबलांबची माणसं ऐकायला बसलेली असतात. तिथं भजन कोण उचलणार, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मला मात्र घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर वरचा आणि खालचा मजला बोलेनासे झाले. भाजी येणं बंद झालं. दिरानं यांना गाठून सांगितलं, माझी बायको दोन दिवस जेवली नाही. हे घरात येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तोंडाचं दुखणं बरं झालं तं जिभेचं सुरू झालं काय तुले?" असं हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "तुमाले सुरातलं काय समजते?" "काहीच नाई," हे म्हणाले. "मले माणसातलं समजते."

माझाच आवाज

पुढच्या रविवारी दुपारी यांना माझी दया आली असावी. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. हे फोन घेऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "ऐक, तुहंच हाये." मागं कधीतरी मोझरीला मी उचललेलं भजन यांनी फोनमध्ये भरून ठेवलं होतं. हे कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते ऐकतात, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माणूस हे सांगत नाही.

यांनी लावलं. माझा आवाज आला, आणि तो खाली होता.

मी उठून बसले. पुन्हा लावायला सांगितलं. तीच पेटी, तीच मी, वंदना मंडळात उचलायला लागायच्या कितीतरी आधीचं. त्या आवाजाला वंदनाचा हात लागायची काही सोयच नव्हती. तरी अख्खं भजन एक घर उतरलेलं. मग मी दाराची बेल वाजवून पाहिली. कुकरची शिट्टी ऐकली. यांच्या फोनची रिंग ऐकली. सगळं जग एक घर खाली सरकलं होतं, आणि मी एकटीच त्याला पेटी सरकव म्हणत होते.

मला खरी भीती त्या दुपारी वाटली. करंटची भीती होतीच, पण करंटला निदान जागा होती, बोट ठेवता येत होतं. हे कुठं दाखवू? ऐकू तर सगळं येत होतं. बहिरी नव्हते. मला वाटलं, डोकं गेलं, आणि आता लोक म्हणतील, पाहा, मिरगीच होती.

यांना सांगितलं. यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, "गोळीनं असंन. उद्याच अकोल्याले जाऊ."

डॉक्टरीणबाईंपुढं मी दहा वेळा अडखळले. पेटी उतरली, मग भजन उतरलं, मग बेल उतरली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी हे वाचलं होतं," त्या म्हणाल्या, "पेशंटच्या तोंडून पहिल्यांदा ऐकते आहे. या गोळीनं क्वचित कोणाला सूर खालचा ऐकू येतो. ज्याचा कान तयार नाही त्याच्या लक्षातही येत नाही. तुमचा कान बिघडलेला नाही. गोळी बदलली की बहुधा पूर्ववत होईल."

बहुधा. आणि पुढं त्यांनी हेही सांगितलं की, ही गोळी उतरवत दुसरी चढवताना करंट परत येऊ शकतो, आणि दुसरी इतकी लागू पडेलच असं नाही. "दुखणं पूर्ण थांबलंय तुमचं. ऐकण्याचा हा फरक सोसवत असेल तर आहे ते चालू ठेवू शकतो. ठरवा तुम्ही."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "राहू दे वं भजन. पोटभर जेव. त्या करंटात तुले पाहवत नाई मले." भाऊही तेच म्हणाला. दोघांचं बरोबर होतं. मी मात्र त्या व्हरांड्यात उभी राहून वेगळाच हिशोब करत होते. सूर असाच राहिला तर वंदना कायमची उचलणार, मी मागं बसणार, आणि वर मला ती कायम खाली ऐकू येणार. देवाचं नाव नीट घेता यावं म्हणून गोळी बदलली असं मंडळात सगळ्यांना वाटतं. वाटू दे. मी जळून बदलली.

दोन गोळ्यांच्या मधले दिवस

जुनी थोडी उतरवायची, नवी थोडी चढवायची. करंट परत आला. पूर्वीइतका नाही, पण आला. पुन्हा दुधातली भाकर, पुन्हा वारा लागू नये म्हणून मफलर, पुन्हा नळाच्या पाण्याची भीती. हे फुटाणे घरात आणेनासे झाले. ज्या दिवशी तीनदा आला त्या दिवशी मी म्हटलं, मरो तो सूर, द्या मला जुनी गोळी. यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावून फोन माझ्या डाव्या कानाला धरला. त्या म्हणाल्या, आठवडाभर थांबा. थांबले.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्यासाठी एवढंच लिहिते. दाढ उपटण्याआधी नसेच्या डॉक्टरला दाखवा. गोळी फिटची आहे म्हणून लाजू नका आणि मनानं सोडू नका. गोळीनं काहीही वेगळं झालं, कितीही येडपट वाटलं, तरी डॉक्टरला सांगा. आणि घरच्यांनी दुखणाऱ्या माणसासमोर फुटाणे खाऊ नयेत.

वंदनाची माफी मागितली काय, असं लेकीनं फोनवर विचारलं. माफी कसली. एक दिवस मी जिन्याखाली उभी राहून वर ओरडले, "वंदना, गोळीनं माहा कान उतरला होता. पेटी बरोबर होती." वरून आवाज आला, "हाव काय बाई? वांग्याची भाजी केली, आणू काय खाली?" मी म्हटलं आण. जरा जास्तच शिजवून, दाबली की विरघळेल अशी करून आणली होती. वर गेल्यावर काय म्हणाली असेल देव जाणे.

नवी गोळी लागू पडत गेली, करंट विरळ झाला आणि सूर हळूहळू वर आला. कधी आला ते कळलं नाही. एकदा बेल वाजली आणि मी दार उघडायला गेले, उघडल्यावर लक्षात आलं की ती बेलसारखी वाजली.

मग मंडळात गेले. कुसुमताईंनी पेटी लावली, काळी चार, आणि ती काळी चारच होती. वंदना उचलत होती. मी पहिल्यांदाच तिला सगळा कान लावून ऐकलं. आधी मीच उचलायचे तेव्हा ती मागं झील धरायची, तिला ऐकतं कोण. नंतर गोळीनं ती मला खाली ऐकू येत होती, आणि खरं सांगते, त्यात माझं सुख होतं. आता ते सुख गेलं. तिचा एकेक सूर जागेवर होता. मी जिथं आवाज रेटून चढवते तिथं ती सहज जात होती. माझ्यापेक्षा बरी होती ती. बहुतेक आधीपासूनच.

गोळी बदलून, इतके करंट सोसून मी हे ऐकायला आले होते.

मोझरी

मोझरीच्या आदल्या दिवशी कुसुमताईंनी विचारलं, "शोभाबाई, उद्या कोण उचलते?" वंदना टाळांच्या दोऱ्या बांधत होती, मान वर केली नाही. कोणी म्हणेल, आता ही मोठ्या मनानं वंदनाचं नाव घेणार. मी म्हटलं, "मी."

मांडवात गर्दी होती. मफलर सोडून मी पेटीच्या उजव्या हाताला बसले. वंदना माझ्या मागं, टाळ घेऊन. पेटीच्या आधी ओळ उचलली, कुसुमताईंनी पेटी लावली आणि सूर जुळला. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. अंतऱ्याला वर जाताना तोंड उघडलं आणि करंट आला, बऱ्याच दिवसांनी, पूर्ण जोरानं. तोंड आपोआप मिटलं.

ओळ तुटली नाही. मी सोडली त्याच अक्षरापासून मागून वंदनानं धरली, त्याच सुरात, त्याच दमात, आणि वर नेली. मी खाली मान घालून गाल धरून बसले होते, लोकांना वाटलं असेल ही रंगली. तिनं ती ओळ अशी खाली आणून ठेवली की पुढची मला नुसती उचलायची होती. करंट गेला होता. मी उचलली.

भजन संपल्यावर एक म्हातारी बाई गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आली, सोबत तिची सून. तिचे डोळे ओले होते. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "माय, तो वरचा अंतरा. असं ऐकलं नाई मी. कोणाची शिकवण हाये तुले?" आणि माझ्या पायाशी वाकू लागली.

माझ्या मागं वंदना उभी होती. ती काही बोलली नसती. आजन्म बोलली नसती, मला माहीत आहे. मंडळातल्या बायका पेटी बांधण्यात गुंतल्या होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. ही बाई कुठली, मी कुठली, पुन्हा भेट नाही. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याची मला वर्षभराची सवय होती.

पण मी ऐकला होता ना तो अंतरा. माझ्याच कानानं, जागेवर आलेल्या.

"थो आवाज माहा नाई," मी तिला उठवत म्हटलं. "थो हिचा. माही धाकटी जाऊ, वंदना."

म्हातारीनं माझे हात सोडले आणि वंदनाकडे वळली. वंदना गोंधळली. तिच्या दोन्ही हातांत टाळ होते, म्हातारीला उठवायला हात मोकळे नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पुढं होऊन तिच्या हातातले टाळ घेतले. जळतच घेतले, आणि म्हातारी उठेपर्यंत धरून उभी राहिले.